परगावी यजमान होताना: अमरावती-अकोल्यातलं कामाचं जेवण

अमरावती आणि अकोला या दोन शहरांत कामानिमित्त येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ एमआयडीसीत कापडाचे मोठे कारखाने आले. तिथेच पीएम मित्र योजनेतल्या हजार एकरांच्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अकोल्यात डाळ मिल, तेल गिरण्या, बियाण्यांचा व्यापार आणि १९६९ साली स्थापन झालेलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्यामुळे बाहेरगावच्या माणसांचा राबता पहिल्यापासूनच आहे. यंत्रं विकणारे, सूत आणि कापड घेणारे, औषध कंपन्यांचे अधिकारी, बँकांचे तपासणीस, कंत्राटदार असे सगळे इथे येतात, दोन-तीन दिवस राहतात आणि त्यातल्या एका संध्याकाळी किंवा दुपारी त्यांना इथल्या कुणाला तरी जेवायला बोलवायचं असतं.

गाव अनोळखी, पण यजमान तुम्ही. हॉटेल चुकलं तर अवघडलेपण तुमच्या वाट्याला येतं आणि पाहुण्याच्याही. म्हणून हा लेख बाहेरून येणाऱ्या यजमानासाठी आहे. मुंबई-पुण्यात अशा वेळी नामांकित हॉटेलांची यादी पाहून त्यातलं एक निवडलं तरी बहुधा निभावतं. वऱ्हाडात मात्र आधी पाहुण्याची माहिती काढावी आणि मग हॉटेलची. तो काय खातो, किती वाजता खातो, कुणाच्या देखत खाल्लेलं त्याला चालतं, हे कळलं की हॉटेल निवडणं फारसं अवघड राहत नाही. ते न कळता घेतलेलं सगळ्यात महागडं टेबलही वाया जाऊ शकतं.

पाहुण्याचं पथ्य

दोन्ही शहरांतल्या व्यापारात मराठी माणसांबरोबर मारवाडी, गुजराती, जैन, सिंधी आणि मुस्लिम कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांतली बरीचशी कापसाच्या आणि धान्याच्या धंद्याने इथे आली आणि सगळी इथलीच झाली. त्यामुळे एकाच टेबलावर चार माणसं आणि चारही जणांची पथ्यं वेगळी, असं सहज घडतं. जैन पाहुणा कांदा-लसूण आणि जमिनीखालचं काही खात नसेल. चौविहार पाळणारा असेल तर सूर्यास्तानंतर तो अन्नपाणी घेत नाही. डिसेंबरात वऱ्हाडात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे तुम्ही मोठ्या उत्साहाने ठरवलेलं साडेआठचं जेवण त्याच्यासाठी जेवण नाहीच. तो येईल, बसेल, तुमच्या ताटाकडे पाहून हसून बोलेल आणि उपाशी घरी जाईल. अशा पाहुण्याला दुपारी बोलवावं.

मराठी पाहुण्याचं पथ्य वेगळ्या कॅलेंडरवर चालतं. माळकरी घरातला माणूस एकादशीला फराळावर असतो. शेगाव इथून जवळ, त्यामुळे गजानन महाराजांचा गुरुवार करणारी घरं दोन्ही शहरांत खूप आहेत. श्रावण सोमवार, चतुर्थी, शनिवार हे तर आहेतच. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं, त्यामुळे महानुभाव पंथाची माणसंही भेटतील आणि त्यांच्याकडे मद्य-मांस वर्ज्य. चातुर्मास पाळणारी घरं कांदेनवमीपासून कांदा, लसूण आणि वांगी सोडतात. वांग्याची झणझणीत भाजी हे वऱ्हाडचं भूषण खरं, पण श्रावण-भाद्रपदात ती कौतुकाने मागवण्याआधी विचारून घ्यावं. रमजानच्या महिन्यात मुस्लिम पाहुण्याला दुपारचं आमंत्रण देऊ नये. संध्याकाळचं द्यायचं तर इफ्तारची आणि नमाजाची वेळ सांभाळावी, आणि एरवीही हॉटेलात हलाल मांस मिळतं का हे आपणच आधी विचारून ठेवावं.

आडनावावरून अंदाज बांधू नका, हे मी आग्रहाने सांगेन. देशमुख म्हणजे मटण आणि अग्रवाल म्हणजे शाकाहार, अशा समजुतीवर टेबल ठरवणाऱ्यांची फजिती होते. मटण सोडलेले देशमुख आहेत आणि बाहेर मिटक्या मारत खाणारे पण घरी शब्द न काढणारे अनेक आहेत. सरळ विचारण्यात काही कमीपणा नाही. पाहुण्याला थेट विचारणं जड वाटत असेल तर त्याच्या मुनीमजींना, ऑफिसातल्या माणसाला किंवा मुलाला फोन करा. ‘भाऊसाहेबांना बुधवारी जेवायला बोलवतोय, त्यांचं काही पथ्यपाणी, काही वार?’ एवढं विचारलं की पुरेसं. वऱ्हाडी माणूस या प्रश्नाने खूश होतो, कारण त्यात त्याची काळजी दिसते.

पाहुण्यांत एक जरी काटेकोर शाकाहारी असेल तर केवळ शाकाहारी स्वयंपाकघर असलेलंच हॉटेल घ्यावं. ‘व्हेज-नॉनव्हेज दोन्ही, पण भांडी वेगळी’ हे उत्तर मॅनेजर देतो तेव्हा ते खरं असेलही, पण पाहुण्याच्या मनातली शंका त्याने जात नाही. शंका मनात घेऊन माणूस नीट जेवत नाही आणि नीट बोलतही नाही. दोन्ही शहरांत चांगली शाकाहारी हॉटेलं भरपूर आहेत, तेव्हा इथे तडजोड करायचं कारण नाही.

बाजाराचं घड्याळ

पथ्य कळलं की वेळ. अकोल्यात किंवा अमरावतीत अडत्याला, जिनिंगवाल्याला, डाळ मिलच्या मालकाला बोलवायचं असेल तर बाजार समितीचा हंगाम लक्षात घ्या. ऑक्टोबरात सोयाबीन येतं, दिवाळीच्या आसपास कापूस सुरू होतो, जानेवारीपासून तूर, मार्चमध्ये हरभरा. या दिवसांत हर्रास, मोजमाप, चुकारे यांच्यात माणूस दुपार उलटेपर्यंत अडकलेला असतो. भाव हलला की ठरलेलं जेवणही हलतं. हंगामात त्याला रात्री बोलवा आणि टेबल राखताना अर्धा-पाऊण तास मागेपुढे होईल हे हॉटेलला आधीच सांगून ठेवा. कारखान्यातल्या व्यवस्थापकाचं उलटं असतं. त्याला दुपारची सुटी ठरलेली, आणि नांदगाव पेठहून शहरात येऊन जेवून परत जायला वेळ लागतो. अशा माणसाला शहराच्या मध्यात ओढून आणण्यापेक्षा नागपूर महामार्गाच्या बाजूचं स्वच्छ, बसायला नीट असलेलं हॉटेल बरं.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काही वर्षी त्याच्याही वर. अमरावती फार मागे नसते. अशा दुपारी एक वाजता कुणाला जेवायला बोलावणं म्हणजे त्याला शिक्षाच. उन्हाळ्यात रात्रीचं जेवण ठेवा. दुपारीच भेटणं भाग असेल तर तीन गोष्टी पाहा: गाडी थेट दारापर्यंत जाते का आणि सावलीत उभी राहते का, वातानुकूलन सगळ्या हॉलला आहे की चार टेबलांपुरतं, आणि वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे आणि पंखे. तिसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. उन्हाळ्यात खरी परीक्षा त्याचीच होते.

मग लग्नसराई. दोन्ही शहरांतल्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांना लॉन किंवा हॉल जोडलेला असतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की दाट तिथीला हॉटेलातले चांगले आचारी आणि चांगले वाढपी पंगतीकडे जातात. रेस्टॉरंटमध्ये नवशिकी पोरं उरतात, बाहेर बँड वाजतो आणि गाडी लावायला जागा नसते. टेबल राखताना विचारा, ‘त्या दिवशी तुमच्याकडे लग्न किंवा रिसेप्शन आहे का?’ असेल तर दुसरं हॉटेल पाहा, मग ते कितीही नावाजलेलं असो.

उत्सवाचे दोन प्रसंग बाहेरच्या माणसाला हमखास ठाऊक नसतात. नवरात्रात अमरावतीला अंबादेवी आणि एकवीरेच्या दर्शनाला इतकी गर्दी लोटते की गांधी चौक, राजकमल चौक या भागात गाडी घालणं नको होतं. त्या नऊ दिवसांत अनेकांचा उपवासही असतो. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराचा कावड उत्सव असतो. गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी खांद्यावर घेऊन रात्रभर चालत आलेल्या शेकडो पालख्या आणि कावडी शहरात शिरतात. त्या दिवशी अकोला दुसरं काहीच करत नाही. तेव्हा जेवणाचं आमंत्रण देऊ नका. अकोलेकर मित्राने बोलावलं तर मात्र कावड पाहायला जरूर जा.

कोणत्या भागात

अमरावतीत साधारण दोन-तीन पट्टे लक्षात ठेवले की काम भागतं. कॅम्पचा भाग शांत, रुंद रस्त्यांचा, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचा. ग्रँड महफिलसारखं जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं हॉटेल याच भागात आहे, आणि पाहुण्याला पत्ता समजावून सांगावा लागत नाही हा अशा हॉटेलचा मोठा गुण. दुसरा पट्टा राजापेठकडून बडनेरा रोडचा. बडनेरा हे मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन, अमरावती स्टेशनपासून दहाएक किलोमीटरवर. रात्रीच्या गाडीने निघायचं असेल तर जेवण याच रस्त्यावर ठेवावं. अनेक नवखे लोक तिकिटावर बडनेरा असताना अमरावती स्टेशन गाठतात आणि मग जेवणाचा शेवट धावपळीत होतो. मुंबईची अमरावती एक्स्प्रेस अमरावती स्टेशनवरूनच संध्याकाळी सुटते. त्या गाडीचं तिकीट असेल तर रात्रीच्या जेवणाचा विचार सोडून द्या आणि दुपारचं चांगलं जेवण द्या. जवाहर रोड, राजकमल, जयस्तंभ हा बाजाराचा गाभा. खाणं उत्तम, पण वाहनतळाची अडचण आणि गोंगाट, म्हणून कामाच्या जेवणाला गैरसोयीचा.

अकोल्यात मोर्णा नदीच्या एका बाजूला जुनं शहर आणि दुसऱ्या बाजूला गांधी रोड, टिळक रोडचा बाजार. एमआयडीसी, कृषी विद्यापीठ आणि शिवणीची धावपट्टी ही सगळी मूर्तिजापूर-अमरावतीच्या बाजूला. डाळ मिलचा पाहुणा असेल तर त्याच बाजूला बसा. डॉक्टर, वकील, सीए असा पाहुणा असेल तर त्याला रतनलाल प्लॉट, सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, गोरक्षण रोड या बाजूचं हॉटेल घराजवळ पडतं. संध्याकाळी मुख्य रस्त्यांवर वाहतूक तुंबते, तेव्हा तुमच्या मुक्कामापेक्षा पाहुण्याच्या घराजवळचं हॉटेल निवडणं चांगलं.

अमरावती ते अकोला अंतर शंभरेक किलोमीटर. या महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी रस्ता घातल्याचा गिनीज विक्रम झाला. रस्ता आता चांगला आहे, म्हणून दुपारी अमरावतीत एकाला आणि रात्री अकोल्यात दुसऱ्याला जेवू घालण्याचा बेत लोक आखतात. प्रवास होतो, त्यात अडचण नाही. पण दुपारचा वऱ्हाडी आग्रह पचवून रात्री पुन्हा तितक्याच प्रेमाने जेवायला बसणं कठीण जातं, आणि यजमान ताटात नुसता हात फिरवत असला तर पाहुणाही आखडता घेतो. एका दिवसात एकच.

विचारायचं कुणाला

मोबाइलवरचे तारे पाहा, पण त्यांच्यावर विसंबू नका. अशा शहरांत बरेचसे शेरे घरपोच मागवलेल्या बिर्याणीबद्दल किंवा वाढदिवसाच्या पार्टीबद्दल असतात. बसण्याच्या जागेबद्दल, आवाजाबद्दल, वाढणाऱ्याच्या वागण्याबद्दल त्यातून फारसं कळत नाही. लोकांनी टाकलेले फोटो जास्त उपयोगी, त्यातही गेल्या दोन-तीन महिन्यांतले. मेनूकार्डाचा ताजा फोटो असेल तर भावाचा अंदाज येतो.

खरी माहिती माणसांकडून मिळते. माझ्या मते यातलं सगळ्यात भरवशाचं माणूस म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, एमआर. डॉक्टरांच्या बैठका, व्याख्यानं आणि त्यानंतरची जेवणं यांची व्यवस्था वर्षानुवर्षं हीच मंडळी करतात. कुठला आचारी सोडून गेला, कुठल्या हॉटेलात बंद खोली मिळते, कुठे बिल वेळेवर आणि नीट मिळतं हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यानंतर तुमच्या बँकेच्या शाखेचा व्यवस्थापक आणि स्थानिक सीए. मुक्कामाच्या हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला विचारलंत तर तो स्वतःच्याच रेस्टॉरंटचं नाव घेणार. ते साहजिक आहे, त्याला दोष देऊ नका. पण त्याला ‘तुमच्याकडे लग्नाची बोलणी करायला लोक कुठे बसतात?’ असं विचारून पाहा. मुलगी पाहायला आलेल्यांसाठी गाव जी जागा निवडतं ती शांत, स्वच्छ आणि प्रतिष्ठित असते, आणि कामाच्या जेवणाला हेच तिन्ही गुण हवेत.

अशी दोन नावं पक्की झाली की आदल्या दिवशी त्याच वेळेला तिथे जाऊन या. दुपारचं जेवण असेल तर दुपारी, रात्रीचं असेल तर रात्री. चहा किंवा सूप घ्या आणि वीस मिनिटं बसा. स्वच्छतागृह पाहा. टीव्ही किती मोठ्याने चालतो ते पाहा. दाराशी अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असतो, तो असावाच लागतो. पायऱ्या किती आहेत आणि लिफ्ट चालू आहे का पाहा, कारण इथे व्यवहाराचा शेवटचा शब्द पुष्कळदा घरातल्या सत्तर वर्षांच्या वडीलधाऱ्यांचा असतो आणि तेही येऊ शकतात. परमिट रूम आणि फॅमिली हॉल यांचं दार एकच आहे का हे नक्की पाहा. एकच असेल तर ते हॉटेल सोडा. दारूच्या काउंटरसमोरून जाताना ओळखीच्या कुणी पाहिलं तर पाहुण्याला ते आवडणार नाही, आणि सोबत बाई पाहुणी असेल तर मुळीच नाही.

टेबल कुठलं

या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त भर द्यायचा आहे. मुंबईत शेजारच्या टेबलावर कोण बसलंय याची कुणाला पर्वा नसते. अकोल्यात किंवा अमरावतीत शेजारच्या टेबलावर तुमच्या पाहुण्याचा स्पर्धक, साडू किंवा त्याच्या कर्जाची फाइल पाहणारा अधिकारी असण्याची शक्यता मोठी. डाळ मिलचा मालक परगावच्या खरेदीदाराबरोबर जेवताना दिसला, ही बातमी दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत पोचलेली असते. भागीदारी, जमीन, मिलची विक्री, नोकरी बदलणं असे विषय असतील तर उघड्या हॉलमध्ये बसूच नका. छोटी बंद खोली मागा, त्यासाठी किमान रकमेची अट असेल तर ती मान्य करा. खोली नसेल तर दारापासून लांबचं, भिंतीकडचं टेबल घ्या आणि पाहुण्याला हॉलकडे पाठ करून बसवा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उठून नमस्कार करण्यातून तो सुटतो. दोन मजली हॉटेल असेल तर वरचा मजला बरा.

याच्या उलट प्रसंगही असतो. एजन्सी दिलीय, करार झालाय, आता गावाला कळलेलं पाहुण्याला हवंच आहे. अशा वेळी त्याला गावातल्या सगळ्यात माहितीतल्या हॉटेलात, मधल्या टेबलावर बसवा. त्याचा मान वाढतो. कुठला प्रसंग कोणता हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. ओळखता येत नसेल तर त्यालाच विचारा, ‘निवांत बसायचं की नेहमीच्या ठिकाणी?’ तो काय ते सुचवेल.

ताटात काय

इथल्या मोठ्या हॉटेलांचं मेनूकार्ड पाहिलं तर पनीरचे पंधरा प्रकार, तंदूर, चायनीज आणि दाल तडका हेच दिसतं. ज्या गावाने देशाला तुरीची डाळ खाऊ घातली त्या गावातल्या हॉटेलात साधं वरण मिळू नये याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण उपाय आहे. सकाळी फोन करून मुख्य आचाऱ्याशी बोला. पाटोडीचा रस्सा, वांग्याची रस्साभाजी, डाळभाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा, ताक यांतले दोन-तीन प्रकार तो आनंदाने करून देतो, कारण बहुतेक वेळा तो स्वतः घरी तेच खातो. थंडीत गेलात तर सांबारवडी विचारा, म्हणजे कोथिंबीर भरलेली खुसखुशीत वडी. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तेव्हा दक्षिणेकडचा पाहुणा सोबत असेल तर त्याला आधीच सांगा.

हे स्थानिक जेवण कुणासाठी मागवायचं याचा मात्र विचार करा. तुमच्या बरोबर आलेला परदेशी किंवा मुंबईचा साहेब असेल तर त्याला ते अपूर्वाईचं वाटेल, फक्त तिखट आणि तर्री कमी करायला सांगा. वऱ्हाडी पाहुण्याला मात्र त्याच्या घरचंच हॉटेलात वाढण्यात अर्थ नाही. त्याला बाहेर जेवायला येताना वेगळं काही हवं असतं. सावजीचं मटण विदर्भाचं लाडकं खरं, पण घाम पुसत आणि नाक ओढत भावाची बोलणी होत नाहीत. करार झाल्यावर जा. त्याच कारणाने हाताने सोलायचे, चोखायचे, ओघळणारे पदार्थ कागद पुढ्यात असतील तेव्हा टाळा.

सकाळची भेट असेल तर औपचारिक जेवणाचा घाट घालायचीही गरज नाही. अमरावतीत रघुवीरची कचोरी किंवा गिला वडा, अकोल्यात तर्री पोहे आणि आलुबोंडा, यांच्या एका प्लेटवर जितकं मोकळं बोलणं होतं तितकं पुष्कळदा एसी हॉलमध्ये होत नाही. पहिल्या ओळखीला मी हेच सुचवीन.

मद्याबद्दल थोडक्यात. पाहुण्याने विषय काढेपर्यंत तुम्ही काढू नका. महाराष्ट्रात मद्यासाठी २५ वर्षं वयाची अट आहे, सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१. दोन ऑक्टोबर, मतदान संपेपर्यंतचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस कोरडे असतात, आणि निवडणुका लागोपाठ असल्या की या तारखा पाहून ठेवाव्या लागतात. अमरावतीच्या शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे, म्हणून पाहुण्याला घेऊन सेवाग्रामकडे जाणार असाल तर गाडीत काही ठेवू नका.

सरकारी पाहुणा आणि बिल

अमरावती हे महसुली विभागाचं मुख्यालय. इथे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आहे, अकोल्यात कृषी विद्यापीठ. त्यामुळे तुमचा पाहुणा सरकारी किंवा निमसरकारी नोकर असण्याची शक्यता बरीच. ज्याच्याकडे तुमची फाइल आहे अशा अधिकाऱ्याने तुमच्याकडून आलिशान किंवा वारंवार पाहुणचार घेणं सेवानियमांत बसत नाही. चांगला अधिकारी आमंत्रण नाकारतो, आणि तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत तर त्याच्या मनातून उतरता. त्याच्या ऑफिसात, त्याचा चहा पिऊन बोला. निविदा उघडायची असेल त्या काळात तर गावातल्या कुठल्याही हॉटेलात त्याच्याबरोबर दिसू नका.

बिलाचा प्रश्न इथे पैशापेक्षा मानाचा असतो. तुम्ही आमंत्रण दिलंत तरी वऱ्हाडी पाहुण्याच्या दृष्टीने परगावचा पाहुणा तुम्हीच, आणि ‘आमच्या गावात येऊन तुमी कसे पैसे देता, भाऊ?’ हा वाद काउंटरवर उभा राहतो. मॅनेजर त्याच्या ओळखीचा असतो, तो तुमच्याकडून पैसे घेतच नाही. म्हणून आगाऊ रक्कम आदल्या दिवशी भरा आणि बिल टेबलावर आणू नका असं सांगून ठेवा. तरीही त्याने दिलंच, तर झटापट करू नका. पुढच्या वेळी तो तुमच्या गावी आला की परतफेड करता येते, आणि संबंध टिकायला ते चांगलंच.

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर पाच टक्के जीएसटी असतो. जेवणावरच्या कराचं क्रेडिट कंपनीला एरवी मिळत नाही, पण हिशेबासाठी कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक घालून बिल घ्या. बिलावर अन्न परवान्याचा क्रमांक छापणं जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. सेवा शुल्क सक्तीने लावता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही भूमिका उचलून धरली आहे. ते लावलेलं दिसलं तर पाहुणा गेल्यावर शांतपणे काढून घ्या आणि वाढणाऱ्याच्या हातात स्वतः बक्षिशी ठेवा. मोठी रक्कम रोख देऊ नका. एका दिवसात एकाच ठिकाणी दहा हजारांवर रोख दिले तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. आणि पाहुण्याच्या ड्रायव्हरच्या जेवणाची सोय आगाऊ रकमेतच करून ठेवा. दर्यापूर, अकोट, अंजनगावहून गाडी घेऊन आलेला माणूस रात्री परत तितकंच अंतर चालवणार असतो.

घरी बोलावलं तर

सगळं ठरवून झालं, टेबल राखलं, आणि पाहुणा फोनवर म्हणाला, ‘हॉटेल कायले? घरीच या न जेवायला.’ तर हॉटेल रद्द करा आणि जा. हे वऱ्हाडातलं सगळ्यात वरच्या दर्जाचं आमंत्रण आहे. कोणत्याही हॉटेलात तुम्ही त्याला जे देऊ शकत नाही ते तो तुम्हाला देतो आहे. नाही म्हटलंत तर तो काही बोलणार नाही, पण पुढच्या व्यवहारात अंतर पडलेलं जाणवेल.

जाताना मिठाईचा डबा किंवा फळं न्या. त्याच्याच गावची मिठाई नको, तुमच्या गावची न्या, म्हणून निघतानाच एक जादा डबा बॅगेत असावा. घरात आजी-आजोबा असतील तर आधी त्यांना नमस्कार करा. भूक राखून जा, कारण आग्रह खरा असतो आणि पहिल्या वाढपाला ‘पुरे’ म्हटलेलं कुणी ऐकत नाही. जेवताना दराचा विषय काढू नका. तो स्वतः जेवणानंतर सुपारी कातरत काढेल.

हिवाळ्यात हेच आमंत्रण शेतावरचं असतं. जानेवारीच्या आसपास हुरडा, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांगी पुन्हा सुरू झाल्यावर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. तिथे सूट आणि चामडी बूट घालून जाऊ नका, साधी चप्पल आणि सुती कपडे घाला. जेवायला चार वाजतील असं धरून परतीची गाडी रात्रीची काढा. लॅपटॉप मुक्कामीच ठेवा. कराराचे कागद न्यायचे असतील तर ते गाडीत राहू द्या, आणि त्याने मागितले तरच आणा.